सापाचे पिलू आणि त्याचा आहार

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की गोव्याच्या कुळागरांत, भातशेतांच्या बांधांवर, चिरेखाणींच्या कडेला आणि घरांच्या परसांत सापांची लहान पिले दृष्टीस पडू लागतात. वीतभर लांबीचे, चमकदार कांतीचे ते पिलू पाहून काहींच्या मनात भय उत्पन्न होते व ते तत्काळ ठेचले जाते. तर काहींच्या, विशेषतः मुलांच्या, मनात कुतूहल व दया जागृत होते आणि पिलू काचेच्या बरणीत घालून घरी आणले जाते. पुढे त्याला दूध, भात, पावाचे तुकडे किंवा गांडुळे देण्याचे प्रयत्न होतात. पिलू कशालाही तोंड लावत नाही आणि काही दिवसांनी मरून जाते. क्वचित प्रसंगी, पिलू विषारी जातीचे असल्यास, त्याला खाऊ घालू पाहणाऱ्याच्याच प्राणांवर बेतते. या दोन्ही अनर्थांचे मूळ एकच आहे. सापाच्या पिलाचे अन्न कोणते, ते त्याला केव्हा व कसे लागते, याविषयीचे अज्ञान हेच ते मूळ होय. ते दूर करण्याच्या हेतूने या विषयाची काही माहिती येथे देत आहोत.

पिलू जन्मते तेव्हा

सापांच्या बहुसंख्य जाती अंडी घालतात. नाग, मण्यार, धामण, दिवड, अजगर, तस्कर, कवड्या हे सर्व या वर्गातील होत. घोणस, हरणटोळ, मांडूळ व हिरवा चापडा यांच्या माद्या मात्र जिवंत पिलांना जन्म देतात. या जातींत अंडी मादीच्या उदरातच वाढतात व पूर्ण वाढलेली पिले बाहेर येतात. घोणशीची मादी एका वेळी वीस ते चाळीस पिलांना जन्म देते, असे अनेकदा आढळले आहे.

पक्ष्यांची किंवा सस्तन प्राण्यांची पिले जन्मतः आईवर अवलंबून असतात. सापाच्या पिलाची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते व स्नायूंच्या हालचालीने त्यांना ऊब देते. पश्चिम घाटातील नागराजाची मादी तर पालापाचोळा ओढून घरटे रचते व त्याची राखण करते. परंतु एवढे कष्ट घेणाऱ्या या माताही पिले बाहेर आल्यावर त्यांना एक घासही भरवीत नाहीत. सापाच्या कोणत्याही जातीत आई पिलाला अन्न आणून देत नाही. अंड्याबाहेर आलेले पिलू त्या क्षणापासून स्वतंत्र असते. आपले भक्ष्य त्याने आपणच ओळखावे व आपणच पकडावे, अशी निसर्गाची योजना आहे.

या योजनेत एक सोय मात्र निसर्गाने करून ठेवली आहे. अंड्यातील पिवळ्या बलकाचा उरलेला अंश पिलू जन्मापूर्वी आपल्या पोटात ओढून घेते. हा साठा त्याला पहिले काही दिवस पुरतो. जन्मानंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांत पिलू पहिली कात टाकते आणि बहुधा त्यानंतरच भक्ष्याच्या शोधास लागते. म्हणून नुकते जन्मलेले पिलू काही खात नाही हे पाहून ते आजारी आहे किंवा उपाशी मरत आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या पोटात शिदोरी असते.

जातीगणिक वेगळे अन्न

सर्व साप मांसाहारी आहेत. धान्य, फळे, पाने किंवा शिजविलेले अन्न कोणताही साप खात नाही. तथापि ‘मांसाहारी’ या एका शब्दाने सापाच्या अन्नाचा पुरता बोध होत नाही, कारण जातीगणिक भक्ष्य भिन्न असते आणि एकाच जातीतही पिलाचे व प्रौढाचे अन्न सारखे नसते.

धामणीचेच उदाहरण घेऊ. पूर्ण वाढलेली धामण शेतातील उंदरांचा फडशा पाडते, म्हणून तिला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात. परंतु तिच्या पिलाला उंदीर पेलत नाही. ते लहान बेडकांवर, पालींवर व सरड्यांच्या पिलांवर वाढते. पावसाळ्याच्या तोंडाशी अंडी फुटण्याचे रहस्य यातच आहे. याच सुमारास डबक्यांतून शेपटी गळालेल्या बेडकुळ्या हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात, कीटक वाढतात व कीटकांमागोमाग पाली-सरडेही वाढतात. पिलांचे जन्म आणि त्यांच्या भक्ष्याची विपुलता यांची सांगड ऋतुचक्राने घातलेली आहे.

भातशेतांत व तळ्यांत राहणाऱ्या दिवडाची पिले बेडूकमासे व लहान मासे खातात. कवड्या साप पालींच्या मागावर घरात येतो व त्याच्या पिलांनाही छोट्या पाली लागतात. मण्यारीला इतर साप विशेष आवडतात. कुकरी साप सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खातो. गांडुळासारखा दिसणारा वाळा हा चिमुकला साप जन्मभर मुंग्यांची व वाळवीची अंडी-अळ्या खाऊन राहतो. नागराजाच्या पिलाला तर पहिल्या घासापासूनच दुसऱ्या सापाचे पिलू लागते. या नागराजाच्या एकाच जातीचे २०२४ मध्ये चार जातींत विभाजन करण्यात आले व पश्चिम घाटातील नागराजास ‘कालिंग’ हे नाव मिळाले.

भक्ष्य मिळविण्याची पिलांची युक्तीही पाहण्यासारखी असते. चापड्यांच्या कुळातील काही जातींची पिले निश्चल पडून राहतात व शेपटीचे फिकट टोक तेवढे अळीसारखे वळवळवितात. अळी समजून बेडूक किंवा सरडा जवळ आला की पिलू त्यावर झडप घालते. ही विद्या पिलाला कोणी शिकविलेली नसते.

आता बरणीतील पिलाचा विचार करावा. ते कोणत्या जातीचे, त्याचे वय काय, त्याची पहिली कात पडली आहे की नाही, यांतील काहीच ठाऊक नसताना त्याला योग्य अन्न देणे सामान्य माणसास कसे साधावे?

गिळणे आणि पचविणे

साप भक्ष्याचे तुकडे करीत नाही. तो ते सबंध गिळतो. त्याच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे हाडाने सांधलेल्या नसून लवचिक तंतूंनी जोडलेल्या असतात. त्यामुळे डावी व उजवी बाजू आळीपाळीने पुढे सरकवीत तो आपल्या डोक्याहून मोठे भक्ष्यही आत ओढू शकतो. गिळताना श्वास कोंडू नये म्हणून श्वासनलिकेचे तोंड पुढे येते. मागे वळलेले दात भक्ष्य निसटू देत नाहीत. मात्र त्या दातांनी चावून खाता येत नाही. मांसाचा काप किंवा अंड्याचा बलक पिलापुढे ठेवणे यामुळेच निरर्थक ठरते. हलणारे, विशिष्ट वासाचे भक्ष्य हीच त्याची भुकेची खूण असते.

सापाच्या शरीरात स्वतःची उष्णता निर्माण होत नाही. भोवतालच्या उष्णतेवर त्याचे पचन अवलंबून असते. खाल्ल्यानंतर पिलाला पुरेशी ऊब मिळाली नाही तर पोटातील भक्ष्य पचण्यापूर्वी सडू लागते व पिलू ते उलटून टाकते. भरल्या पोटी हाताळल्यानेही हेच घडते. एकदा उलटी झाली की पोटातील पाचक रस वाया जातात व अशक्त पिलाला सावरण्यास अनेक दिवस लागतात. उलटपक्षी, बरणी उन्हात ठेवल्यास पिलू काही मिनिटांतच उष्णतेने मरू शकते. सावली हवी तेव्हा सावलीत व ऊब हवी तेव्हा उन्हात सरकण्याचे जे स्वातंत्र्य त्याला रानात असते, ते बरणीत नसते.

सापाची भूक आपल्या भुकेसारखी नसते, हेही येथे सांगावयास हवे. शरीर उष्ण ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. परिणामी, एका भक्ष्यावर पिलू आठवडाभर व प्रौढ साप कित्येक आठवडे सुखाने राहतो. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर-दुधाळ दिसू लागतात; त्या दिवसांत साप सहसा अन्नाला शिवत नाही. अशा वेळी त्याच्या तोंडात बळेच अन्न कोंबणे म्हणजे त्याचा जबडा किंवा अन्ननलिका दुखावणे होय.

दुधाचा समज

साप दूध पितो हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. नागपंचमीच्या दिवशी वारुळाला दूध वाहण्याची प्रथा श्रद्धेचा भाग असून तिच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु जिवंत सापाला दूध पाजणे ही गोष्ट निराळी आहे. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न होय. साप सस्तन नाही. त्याच्या आईला दूध नसते आणि ते पचविण्याची व्यवस्था त्याच्या शरीरात नसते.

मग गारुड्याचा नाग दूध कसा पितो, असा प्रश्न विचारला जातो. सणापूर्वी अनेक दिवस त्या नागाला पाण्यावाचून ठेवलेले असते. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल तो द्रव पितो. ते दूध त्याला बाधते. काही वेळा ते श्वासनलिकेत व फुप्फुसात शिरते. दात उपटलेले, तोंड शिवलेले असे अनेक नाग सणानंतर मरतात. बेळगावच्या उत्तरेस सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होते. तेथील नाग पकडण्याच्या प्रथेस मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे आळा बसला. सापाच्या पिलाला एखाद्या द्रवाची गरज असेलच तर ती स्वच्छ पाण्याची असते.

जाणकारांकडील संगोपन

पिलांना मानवी देखरेखीखाली वाढविता येतच नाही असे नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळणारा ‘कॉर्न स्नेक’ हा बिनविषारी साप अमेरिकेत व युरोपात मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. तो पिढ्यान्पिढ्या बंदिस्त स्थितीत वाढविला गेला असल्याने त्याच्या पिलांच्या आहाराची पद्धत चांगली ठाऊक झालेली आहे. ती पाहिली असता या कामास किती काटेकोरपणा लागतो याची कल्पना येते.

पहिली कात पडल्यावर पिलाला उंदराचे नुकते जन्मलेले, अंगावर लव नसलेले एक पिलू देतात. ही पिले गोठवून ठेवलेली असतात. देण्यापूर्वी ती पूर्णपणे वितळवून कोमट केली जातात. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा त्याहून किंचित अधिक असावी, असा ढोबळ नियम आहे. असे एक भक्ष्य पाच ते सात दिवसांनी दिले जाते. त्यानंतर निदान दोन दिवस पिलाला हात लावीत नाहीत. पेटीचा एक भाग उबदार व दुसरा थंड ठेवतात, जेणेकरून पिलाने आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडावी. लपण्यास आडोसा व पिण्यास ताजे पाणी सदैव असते. खाण्याचा दिवस, वजन, कात व उलटी यांची नोंद ठेवली जाते. जिवंत उंदीर सहसा देत नाहीत, कारण घाबरलेला उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो.

इतकी काळजी घेऊनही काही पिले उंदराला तोंड लावीत नाहीत. रानात त्यांच्या पूर्वजांचे पहिले अन्न सरडे व झाडावरचे बेडूक हे होते. ती ओढ रक्तातून जात नाही. अशा वेळी उंदराच्या पिलाला सरड्याचा वास लावून पिलाला फसवावे लागते. जी जात माणसाच्या सहवासात पिढ्यान्पिढ्या वाढली तिची ही कथा. मग आपल्या रानातून उचलून आणलेल्या पिलाची अवस्था काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको. आपल्याकडील प्राणिसंग्रहालयांत व सर्पोद्यानांत सापांच्या आहाराची जबाबदारी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवर असते आणि त्यांच्या हाताशी पशुवैद्यकाचा सल्ला असतो.

कायद्याची बाजू

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये वन्य प्राण्याला पकडणे हेही ‘शिकार’ या संज्ञेत मोडते. आपल्या रानातील साप बाळगण्याची किंवा पाळण्याची मोकळीक कोणासही नाही. अशा वन्य प्राण्यांवर शासनाची मालकी असते. एखाद्याच्या ताब्यात असा प्राणी कोणत्याही कारणाने आला तर त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. अजगरासारख्या पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

परदेशी सापांविषयी अलीकडे बरीच विचारणा होते. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारात भारत १९७६ पासून सहभागी आहे. त्या करारातील प्राण्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमात स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ हा पाळला जाणारा लहान अजगर या वर्गात येतो. असा प्राणी ज्यांच्याजवळ आहे त्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंद करावयाची असते. विकत घेतलेल्या प्राण्याचा कागद खरा आहे की नाही, याची खात्री करून घेणे घेणाऱ्याच्याच हिताचे आहे. असा परदेशी साप उपद्रव वाटू लागला म्हणून रानात सोडून देणे हे त्या सापावर व रानावरही अन्याय करणारे आहे.

ओळखीतील धोका

लहान साप म्हणजे निरुपद्रवी साप, ही समजूत अत्यंत घातक आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची पिले जन्मतःच विषग्रंथी व विषदंत घेऊन येतात. त्यांचा दंश प्रौढ सापाच्या दंशाप्रमाणेच वैद्यकीय उपचारास पात्र असतो.

पिलांच्या बाबतीत ओळखीची चूक अधिक संभवते. घोणशीचे पिलू अजगराचे किंवा डुरक्या घोणशीचे समजून हातात घेतले जाते. मण्यारीचे पिलू कवड्याचे समजले जाते. मण्यारीच्या अंगावरील पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असून ते शेपटीकडे स्पष्ट असतात, तर कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व मागे पुसट होत गेलेले असतात, असा भेद पुस्तकांतून सांगितला जातो. परंतु पिलाचे रंग व खुणा यांत इतके फरक आढळतात की चालत्या पिलाकडे पाहून केलेल्या अनुमानावर कोणीही आपला हात पणास लावू नये.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला आणि केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. या आकड्यांत कुतूहलापोटी झालेल्या एकाही दंशाची भर पडू नये.

दंश झालाच तर रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव फळीने आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. जखम चिरणे, रक्त चोखणे, दोरी आवळून बांधणे किंवा मंत्रतंत्रात वेळ घालविणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. उपलब्ध प्रतिविष वर सांगितलेल्या चार विषारी जातींवर गुणकारी आहे. चापड्याच्या विषाचा त्यात समावेश नाही; तरीही अशा रुग्णासही रुग्णालयातच न्यावे, कारण लक्षणांवरील उपचार तेथेच होऊ शकतात.

पिलू आढळल्यास

परसात, बागेत किंवा शेतात पिलू दिसले तर त्यास त्याच्या वाटेने जाऊ देणे हाच सर्वोत्तम उपाय होय. मुलांना व पाळीव कुत्र्या-मांजरांना दूर न्यावे. पिलू घरात शिरले असल्यास दुरून त्यावर नजर ठेवावी आणि वनखात्याच्या जवळच्या कार्यालयास किंवा खात्याने मान्यता दिलेल्या सर्पमित्रास कळवावे. ते येईपर्यंत पिलाला स्पर्श करू नये. त्याला अन्न देण्याची काहीही आवश्यकता नाही. काही तासच काय, काही दिवसही त्याला अन्नावाचून इजा होत नाही.

यापूर्वीच कोणी पिलू बरणीत ठेवले असेल तर ती बरणी उघडू नये. ती सावलीत, शांत जागी, मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. झाकणास हवेची छिद्रे नसल्यास झाकण न काढता बाहेरूनच ती पाडता येतात काय ते पाहावे, अन्यथा त्वरेने मदत मागवावी. दूध, अंडे, मांस यांपैकी काही आत टाकू नये. शिक्षेच्या भीतीने पिलू गुपचूप दूर नेऊन सोडण्यापेक्षा वेळीच खबर देणे श्रेयस्कर आहे, कारण अनोळखी रानात त्याला लपण्याची व भक्ष्य शोधण्याची जागा ठाऊक नसते.

शाळांतील शिक्षकांनी पावसाळ्याच्या प्रारंभी या विषयावर एखादा तास घेतल्यास फार मोठे काम होईल. साप पाहण्याचे मुलांचे कुतूहल दडपण्याचे कारण नाही. ते बोंडल्यातील प्राणिसंग्रहालयात, चित्रांतून व पुस्तकांतून भागविता येते. परसातील बेडूक, पाली, सरडे आणि डबकी राखणे, शेतात विषारी औषधांचा वापर बेताने करणे व बांधावरचे गवत जाळून न टाकणे, हीच पिलांना अन्न देण्याची खरी रीत आहे. असे राखलेले शिवार त्यांना पोसते, आणि त्यांतील जी धामण मोठी होते ती पुढे भाताच्या कोठाराचे उंदरांपासून रक्षण करून त्याची परतफेड करते.